देवात बसलेला चिमटा

सकाळी लॅबचं दार उघडलं तर माझा चिमटा देवात बसलेला.

खिडकीखालच्या टेबलावर पाट मांडला होता, पाटावर लाल कापड, आणि त्यावर लॅबमधलं झाडून सगळं हत्यार ओळीनं निजवलेलं. कात्र्या, सुया, पाती, लहानमोठे चिमटे. एकेकाला हळदीकुंकवाचं बोट लागलं होतं, वर झेंडूचं फूल. मधोमध, मानाच्या जागी, सुईसारख्या टोकांचा तो चिमटा, ज्याच्यावाचून माझं पान हलत नव्हतं. बाई नुकतीच उदबत्ती लावून हात जोडून उभ्या होत्या.

"बाई, हे काय?"

"खंडेनवमी," त्या मागे न वळता म्हणाल्या. "तुमच्या सांगलीत येत नाही का?"

येत असणार. पण माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून. आमच्या घरात हत्यार म्हणावं अशी एक विळी होती, आणि तिची पूजा आई वर्षभर तिला शिव्या देऊनच करायची. हा दिवस माझ्या ध्यानातच नव्हता. सुट्टी आहे, लॅब रिकामी असेल, कुणी डोकवायला येणार नाही, एवढंच पाहून मी अंडी उबवायला लावली होती. आणि आता ती बरोबर त्या वयाला येऊन ठेपली होती, ज्या वयात त्यांना हात लावायचा असतो.

ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. पुण्यातल्या एका संस्थेत डॉ. इंदुमती काटकरांच्या, म्हणजे या बाईंच्याच, हाताखाली मी पीएच.डी. करत होते. कोंबडीच्या अंड्यात मेंदू कसा आकाराला येतो, हा आमचा विषय. सुरुवातीला मेंदू म्हणजे नुसती एक नळी असते. कुठे पुढचा मेंदू व्हायचा, कुठे मधला, कुठे मागचा, हे त्या नळीला कुणीतरी सांगावं लागतं. नळीच्या कमरेशी पेशींचा एक बारीक पट्टा असतो, तो एक प्रथिन सोडतो. ते आजूबाजूला झिरपत जातं, जवळ दाट, लांब विरळ, आणि ज्या पेशीला ते जसं पोचेल तशी ती आपला मार्ग धरते. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "एका घरात लसणीची फोडणी पडली की आळीभर कळतं. शेजारणीला ठसका लागतो, टोकाच्या घरात नुसती भूक लागते. फोडणी एकच. कोण किती लांब बसलंय आणि कुणाच्या पोटात काय आहे, यावर पुढचं ठरतं." परीक्षेत हे उत्तर लिहून पास झाले नसते, पण मला ते जन्मभर पुरलं.

माझा प्रयोग त्या फोडणीचाच होता. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान असा एक मणी त्या प्रथिनात मुरवायचा आणि नळीच्या पुढच्या भागात बसवायचा, जिथे मधल्या मेंदूचं काही काम नाही. मग तिथे दुसरा मधला मेंदू उभा राहतो, आरशात पाहिल्यासारखा उलटा. म्हणजे जागा नाही, संदेश ठरवतो. माझ्या अंड्यांत हे घडत होतं आणि माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

माशी शिंकली ती कंट्रोलमध्ये. काही भ्रूणांत नुसत्या मिठाच्या पाण्यात भिजवलेला मणी बसवावा लागतो, म्हणजे जे झालं ते प्रथिनामुळेच झालं हे सिद्ध होतं. त्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो. कंट्रोलमध्ये काहीही होता कामा नये. आणि माझ्या काही कंट्रोलमध्ये मधल्या मेंदूसारखा फुगवटा येत होता. लहान, पण आहे तो आहे.

आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या समितीत डॉ. मोघे म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझे फोटो पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे टोचलं की फुगतं. डास चावला तरी फुगतं. यात संदेश कुठे आला?" पुढच्या बैठकीत कंट्रोल स्वच्छ दाखवा, नाहीतर विषय बदला, असं सांगून ते चहाला गेले. विषय बदलणं म्हणजे केलेल्या सगळ्या कामावर पाणी सोडून परत पहिल्यापासून सुरुवात, आणि माझी शिष्यवृत्ती तेवढी पुरणार नव्हती. तिकडे वडिलांनी मिरजेच्या एका ज्युनिअर कॉलेजात शब्द टाकून ठेवलाच होता. ती बैठक दसऱ्यानंतरच्या आठवड्यात होती. मणी बसवल्यावर भ्रूण काही दिवस वाढू द्यावा लागतो, तेव्हा कुठे मेंदू दिसतो. म्हणजे जे करायचं ते आजच.

मला माझ्या निकालाबद्दल कणभर शंका नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. हात माझा सुबक होता, डोळा पक्का होता. घोडं कुठे अडतंय तेवढं कळत नव्हतं.

मी बाईंना म्हटलं की आज संध्याकाळपर्यंत मणी बसवले नाहीत तर ही अंडी फुकट जातील. त्या वयात पेशी संदेश ऐकतात. एकदा वेळ टळली की कानाशी ढोल वाजवला तरी ढिम्म हलत नाहीत. गारठ्यात ठेवून त्यांना जरा रेंगाळवता येतं, थांबवता येत नाही. हे सगळं मी ज्या बाईंकडून शिकले त्यांनाच ऐकवत होते, आणि त्या शांतपणे ऐकून घेत होत्या.

"आज हत्याराला हात नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही ग्रहणात कांदाभजी खाता. गेल्या अमावास्येला नवी गाडी घेतलीत."

"घेतली. आज हत्याराला हात नाही."

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं. त्यांचे वडील, दादा, साताऱ्यात घड्याळं दुरुस्त करायचे. तो मधला चिमटा त्यांचाच. मला हे ठाऊक होतं, सगळ्या लॅबला ठाऊक होतं. कामाला हवा म्हणून बाईंनी तो लॅबला दिला होता आणि आम्ही तो जिवापाड जपायचो. त्याला कधी ज्योतीवर धरायचं नाही, कारण तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं, टोकं मऊ पडतात. आम्लात बुडवायचा नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मलमलीनं हळूच पुसायचा आणि मखमलीच्या डबीत ठेवायचा. त्या दिवशी मला कळलं ते एवढंच, की बाई लहान असताना एका खंडेनवमीला दादा देवळात गेल्यावर त्यांनी पाटावरून हाच चिमटा उचलला होता आणि एक घड्याळ उघडून बसल्या होत्या.

"मारलं का दादांनी?" मी विचारलं.

"नाही. त्या दिवशी दादा जेवले नाहीत."

मी चप्पल घातली. दुसरा चिमटा मिळवीन, पुणं काही ओस पडलेलं नाही, असं म्हणून निघाले. बाई फक्त हसल्या. त्या का हसल्या हे मला तासाभरात कळलं.

तुम्ही कधी खंडेनवमीच्या दिवशी बारीक चिमटा शोधायला निघाला आहात का? ओळखीच्या एका सोनाराकडे गेले. त्याचा चिमटा, फुंकणी, हातोडी, सगळं केळीच्या पानावर, वर अक्षता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. ते घरी होते, प्रेमानं बोलले, आणि म्हणाले की सगळा ट्रे आमच्या मातोश्रींनी देव्हाऱ्यात नेलाय, तुम्हीच जाऊन मागा. मातोश्री दारातच उभ्या होत्या. मी मागितलं नाही. शेवटी रविवार पेठेत घड्याळवाल्या जमीरभाईंचं दुकान उघडं दिसलं आणि जीव भांड्यात पडला. आत पाहते तो त्यांच्याही बाकावर पाट आणि पाटावर झेंडू.

"भाई, तुमच्याकडेसुद्धा?"

"माझे उस्ताद भोसले होते," जमीरभाई म्हणाले. "त्यांच्याच गादीवर बसतो, तर त्यांचा दिवस पाळायला नको? उद्या या ताई, आपट्याचं पान घेऊन या. चिमटा देतो, चहा पण देतो."

उद्याचा काय उपयोग? दुपार कलायला लागली होती आणि पायांचे तुकडे पडले होते. दुकानाच्या वरच मंदाताईंचं ब्यूटी पार्लर होतं. तिथला प्लकर तरी मिळेल म्हणून जिना चढले. प्लकर, कात्री, झाडून सगळं देवात. मंदाताई म्हणाल्या, "दोरा तेवढा शिल्लक आहे. बसा, भुवया करून देते. किती माजल्यात त्या." मी बसले, कारण बसायला खुर्ची होती.

त्यांनी दोरा पिळला आणि कपाळावर सपासप चालवायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी आलं. एक केस उडून माझ्या हाताच्या पंज्यावर पडला. आखूड, काळा, मुळाशी जाडसर आणि टोकाला निमुळता होत गेलेला. मी तो दुसऱ्या बोटानं दाबून पाहिला. वाकला, सोडल्यावर परत सरळ झाला. तेव्हा मला आठवलं की बाईच एकदा म्हणाल्या होत्या, जुन्या काळी असली कामं करणारे लोक पोलाद वापरायचेच नाहीत, केस वापरायचे. भ्रूणाला केस बोचत नाही.

मी मंदाताईंना म्हटलं, अजून काढा, आणि पडतील ते सगळे मला द्या. त्यांचा हात थांबला. आपले केस असे बाहेर नेऊ नयेत, कुणी करणी करतं, असं त्यांनी मला अगदी बहिणीच्या मायेनं समजावलं. मीच करणार आहे, कोंबडीवर, असं मी सांगितलं. त्यांनी पुडी बांधून दिली पण पैसे घेतले नाहीत, बहुधा लवकर जावं म्हणून.

लॅबमध्ये परतले तर बाई अजून तिथेच. मी पुडी पुढे ठेवली. त्यांनी ती उघडली, माझ्या भुवयांकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

"आणि टोचायला?"

"काच ओढते. बर्नरवर आत्ता केलेली सुई आत्ता जन्मलेली असते. ती पूजेला कुठे होती?"

"सूक्ष्मदर्शकाला मी हार घातलाय."

"मग त्याचं काय करू?"

बाईंनी जरा विचार केला. हातात धरतो ते हत्यार, त्या म्हणाल्या. सूक्ष्मदर्शक म्हणजे डोळा. डोळा काही कुणी देवात ठेवत नाही. एवढा निवाडा देऊन त्यांनी हार काढून खिडकीच्या कडीला अडकवला आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

अंड्याचं कवच मी नखांनी सोललं. बर्नरच्या ज्योतीत काचेची नळी तापवून ओढायची, तिला केसाहून बारीक टोक येतं. त्यानं भ्रूणाच्या मेंदूच्या नळीला चीर द्यायची. दुसऱ्या काचेनं मणी शोषून आणून चिरेशी सोडायचा आणि मग काडीच्या टोकाला नेलपॉलिशनं चिकटवलेल्या केसानं तो आत ढकलायचा. काच फार नाजूक होती, एका अंड्याला एक पुरायची आणि तुटायची. केसही एकदा ओला झाला की लुळा पडायचा. त्यामुळे प्रत्येक अंड्याला नवी काच, नवा केस. मी आधी प्रथिनाचे मणी बसवले, मग कंट्रोलचे, नेहमीच्याच क्रमानं. महत्त्वाचं काम आधी, हा आमच्या लॅबचा शिरस्ता होता.

शेवटच्या काही अंड्यांना माझे केस संपले. मी वर पाहिलं तर बाईंनी आधीच चष्मा काढला होता आणि आपल्या भुवईचा केस चिमटीत धरून उपटत होत्या. त्यातले दोन पांढरे निघाले. पांढरे जास्त ताठ असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचे दिवस मी उबवणी यंत्रापाशी कोंबडीसारखी बसून काढले. भ्रूण बाहेर काढले तेव्हा बाई वर्गावर होत्या. प्रथिनाच्या भ्रूणांत दुसरा मधला मेंदू टपोरा उभा होता. मग मी कंट्रोल पाहायला घेतले. पहिला स्वच्छ. दुसरा स्वच्छ. एकेक करत सगळे स्वच्छ, एकातही फुगवटा नाही. मी धावत जाऊन बाईंना वर्गातून बोलावून आणलं आणि त्यांना अक्षरशः ढकलून सूक्ष्मदर्शकावर बसवलं. माझा आनंद पोटात मावत नव्हता.

बाईंनी सगळे पाहिले. मग परत पहिल्यापासून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"वैजू, या वेळी काय बदललं?"

"हात आणखी बसला."

"हात तोच आहे. काय बदललं?"

बाई उठून कपाटाशी गेल्या, मखमलीची डबी काढली आणि उघडून नुसत्या बघत राहिल्या. आधी प्रथिनाचा मणी, मग मलमलीची एक पुसणी, मग त्याच चिमट्यानं कंट्रोलचा मणी. इतकी वर्षं. त्या प्रथिनाचा लवलेशही पेशींना पुरतो, हे आम्हीच जगाला शिकवत होतो, आणि तोच लवलेश दादांच्या चिमट्याच्या खाचेत बसून इकडून तिकडे जात होता. त्याला ज्योत दाखवायची कुणाची छाती झाली नव्हती.

मला बाईंची कणव आली. मी म्हटलं, हे कुणाला सांगायची गरज नाही. निकाल खरा आहे. मोघ्यांना कंट्रोल स्वच्छ हवे होते, ते स्वच्छ आहेत. हत्यारं बदलली एवढं म्हटलं तरी चालेल. बाईंनी डबी मिटली. मग त्या परत वर्गावर गेल्या.

बैठकीत डॉ. मोघ्यांनी फोटो पाहिले आणि नेमका तोच प्रश्न विचारला. गेल्या वेळी फुगत होतं, या वेळी का नाही? मी घसा साफ केला, पण तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

"चिमटा बदलला," त्या म्हणाल्या. "आधीचा माझ्या वडिलांचा होता. मी तो कधी तापवू दिला नाही. प्रथिन त्याच्यावरून कंट्रोलमध्ये जात होतं. चूक माझ्या लॅबची आहे, मुलीची नाही."

मोघ्यांनी चष्मा खाली घेतला. त्यांचा आवाज जरा मऊ झाला, पण माणूस काही मऊ झाला नाही. म्हणाले, हा तुमचा तर्क झाला काटकरबाई. चिमट्यानंच होत होतं हे दाखवा, मग मी सही करतो. बाई म्हणाल्या, दाखवते.

दाखवायचं म्हणजे काय, हे मला खोलीच्या बाहेर पडल्यावर उमगलं. चिमटा प्रथिनात बुडवायचा, नेहमीसारखा पुसायचा आणि त्यानं कंट्रोलचे मणी बसवायचे. फुगवटा यायला हवा. मग तोच चिमटा पुन्हा बुडवायचा, लाल होईपर्यंत तापवायचा आणि पुन्हा कंट्रोलचे मणी बसवायचे. फुगवटा यायला नको. मी बाईंना म्हटलं की तापवायला दुसरा चिमटा घेऊ, बाजारात ढिगानं मिळतात.

"दुसऱ्यावर आरोप नाहीये," बाई म्हणाल्या.

दिवाळीनंतर अंड्यांची खेप आली. बाटलीच्या तळाशी उरलेला प्रथिनाचा थेंब मी काढला. पहिला भाग मी केला. दुसऱ्या भागाला बाईंनी माझ्या हातातून चिमटा घेतला, बर्नर पेटवला आणि टोकं ज्योतीत धरली. टोकं लाल झाली. बाहेर काढल्यावर आधी काळी पडली, मग वरच्या बाजूला एक निळी झाक चढत गेली. बाईंनी चिमटा दोनदा दाबून पाहिला. टोकं पूर्वीसारखी जुळेनात. पाणी उतरलं होतं. त्या तसल्या हत्यारातून मणी पुन्हापुन्हा निसटत होते, पण बसवले.

भ्रूण काढले त्या दिवशी डॉ. मोघे स्वतः आले. पुसलेल्या चिमट्याच्या बाजूला फुगवटे होते. तापवलेल्या चिमट्याच्या बाजूला एकही नव्हता. मोघ्यांनी खिशातून पेन काढलं, तिथेच उभ्या उभ्या सही केली आणि जाताना बाईंना नमस्कार केला. वाकून केला, हे मी पाहिलं.

मी आणि बाई बाहेर पायरीवर येऊन बसलो. लॅबमध्ये खायची बंदी होती, म्हणून आमचे डबे कायम त्या पायरीवरच उघडायचे. बाईंच्या मांडीवर ती मखमलीची डबी होती. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. तुम्ही आमच्यासाठी दादांचा चिमटा घालवलात, असं काहीतरी मी बोलले.

"तुला वाटतं, त्या नवमीला पूजा मोडली म्हणून दादा उपाशी राहिले?" बाई म्हणाल्या. "पूजेचं त्यांना काही नव्हतं ग. मी चिमटा पुसून परत पाटावर ठेवला होता. त्यांनी विचारलं, कुणी उचलला का? मी म्हटलं, कुणी नाही. घड्याळाच्या झाकणावर कुंकू लागलं होतं, ते त्यांनी पाहिलं, आणि ताटावरून उठले."

खालच्या रस्त्यावरून एक भंगारवाला ओरडत गेला. बाईंनी डबी बाजूला ठेवली, जेवणाचा डबा उघडला आणि पोळीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या. "आज दादा जेवले असते."